बॅटरी हौद्याखाली नेताय? मग परतीच्या तारेचा विचार आधी करा

प्रश्न कोल्हापूरच्या एका पिकअपमालकाचा आहे. गाडी 2.5 लिटर टर्बो डिझेल, 12 व्होल्टची. जाताना भाजी आणि गूळ, येताना कोकणातून चिरे. भरलेली गाडी करूळ घाट चढताना दमते, म्हणून पुढच्या जाळीमागे मोठा इंटरकूलर (टर्बोने दाबलेली गरम हवा गार करणारी जाळी) बसवायचा आहे, पण त्याचा पाइप नेमका बॅटरीच्या ट्रेमधून जातो. गॅरेजवाला म्हणतो, "बॅटरी हौद्याखाली घेऊ, दोन तारा लांब करू, अर्ध्या दिवसाचं काम." मालकाने विचारलं आहे: तार किती जाडीची, फ्यूज लागतो का, आणि पावसाळ्यात त्रास होईल का?

तिन्ही प्रश्न बरोबर आहेत, पण खरा प्रश्न चौथा आहे. सेल्फ मारताना बॅटरीतून तीनएकशे अँपिअर निघतात आणि ते सगळे इंजिनमधून परत बॅटरीत यावे लागतात. बोनेटखाली हा परतीचा रस्ता वीतभर होता. बॅटरी केबिनमागे गेली की तो तीन मीटरचा होतो, आणि मधे गंजणारे सांधे येतात. लाल तारेकडे सगळे लक्ष देतात. बिघडलेली कामं तपासताना मात्र दोष बहुतेक वेळा काळ्या, म्हणजे परतीच्या, बाजूला सापडतो.

त्याआधी एक पायरी. बॅटरी खरंच हलवायला हवी का, हे टेप घेऊन मोजा. पाइपला 60–70 मिलिमीटर जागा हवी असेल तर बॅटरी 90 अंशांत फिरवून, ट्रे 40 मिलिमीटर मागे सरकवून किंवा उंच पण अरुंद मापाची बॅटरी घेऊन काम होतं का बघा. एअर फिल्टरचा डबा हलवणं बॅटरी हलवण्यापेक्षा पुष्कळ सोपं असतं, कारण त्यातून करंट जात नाही. पाइपला एक मोठं वळण वाढवून बॅटरी चुकवली तरी इंटरकूलरच्या कामाचं नुकसान थोडंच होतं. या सगळ्यातून जागा निघत नसेल तरच पुढचं वाचा.

आता तारेची जाडी. इथे अंदाज नको, हिशोब सोपा आहे. 25 चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण 0.78 मिलिओहम असतो, 35 चा 0.55, 50 चा 0.39 आणि 70 चा 0.27. तुमचा मार्ग वळणं धरून 3 मीटर समजू आणि करंट 300 अँपिअर. नुसत्या लाल तारेत 25 ला 0.7 व्होल्ट पडतो, 35 ला अर्धा व्होल्ट, 50 ला 0.35 आणि 70 ला पाव व्होल्ट. परतीलाही तेवढीच तार असेल तर आकडा दुप्पट. म्हणजे 25 ची तार जोडून लांब केली तर 1.4 व्होल्ट वाटेतच गेले. सेल्फ मारताना बॅटरीच्या टोकावर 10.5 व्होल्ट असतील तर सेल्फपाशी 9.1 उरतात. सेल्फ हळू फिरतो, आणि थंडीच्या सकाळी इंजिन उचलत नाही. ईसीयूला (इंजिनच्या संगणकाला) ऐन वेळी व्होल्टेज कमी पडून तो रीसेट होतो तेव्हा तर सेल्फ फिरतोय पण गाडी सुरू होत नाही, असा फसवा दोष दिसतो. मग विनाकारण इंजेक्टर आणि पंप उघडले जातात. शिवाय हे रोध 20 अंश तापमानाचे आहेत. गरम बोनेटखाली 60 अंशाला ते पंधराएक टक्क्यांनी वाढतात.

म्हणून 3 मीटरपर्यंत मी 50 ची तार धरतो आणि मार्ग साडेतीन मीटरच्या पुढे गेला तर 70 ची. जुनी तार तोडून तिला तुकडा जोडायचा नाही, एकसंध नवी तार ओढायची. 24 व्होल्टच्या मोठ्या ट्रकला तेवढ्याच ताकदीसाठी करंट निम्मा लागतो, त्यामुळे हा हिशोब तिथे बराच सैल होतो. त्यांच्या बॅटऱ्या मुळातच चासीच्या बाजूला पेटीत असतात, त्याचं हेही एक कारण आहे.

तार म्हणून रबरी आवरणाची वेल्डिंग केबल उत्तम. बारीक केसांची असल्याने ती वळते आणि इंजिनच्या थरथरीत तुटत नाही. तेल आणि उष्णता सोसणाऱ्या रबराची मागा. मात्र खरेदी करताना फसगत इथेच होते, कारण ॲल्युमिनियमची आणि तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबलही बाजारात असते आणि बाहेरून सारखीच दिसते. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे 1.6 पट. एक केस काढून चाकूने खरवडा, आतून पांढरा निघाला तर घेऊ नका. त्याहून खात्रीचा उपाय वजनाचा. 50 चौरस मिलिमीटरच्या एक मीटर नुसत्या तांब्याचं वजन जवळपास 450 ग्रॅम भरतं, त्यावर रबर वेगळं. मीटरभर केबल काट्यावर रबरासकट 450 ग्रॅमसुद्धा भरत नसेल तर ती एकतर तांब्याची नाही किंवा 50 ची नाही.

थिंबल, म्हणजे तारेच्या टोकाला बसणारा बोल्टच्या भोकाचा तुकडा, तांब्याच्या नळीची, कथील चढवलेली, तारेच्या मापाचीच घ्या. 50 ची तार आणि 8 मिलिमीटर बोल्ट असेल तर दुकानात '50-8' म्हणून मागा. सेल्फच्या स्टडचं माप आधी घ्या, काही ठिकाणी 8 असतं तर काही ठिकाणी 10. थिंबल हातोडीने ठोकून किंवा व्हाइसमध्ये दाबून चालत नाही. वरून घट्ट दिसते, आत पोकळी राहते, तिथे दमट हवा शिरून तांबं हिरवं पडतं आणि दोन पावसाळ्यांत सांधा तापायला लागतो. नुसती सोल्डर भरणंही टाळा. सोल्डर केशिकेने तारेत वर चढते, तेवढा भाग कडक होतो आणि थरथरीने तिथेच केस तुटू लागतात. हायड्रॉलिक क्रिंपिंगच, म्हणजे तेलाच्या दाबाच्या यंत्राने थिंबल तारेवर दाबणंच हवं. त्यासाठी मोटारीचं गॅरेज शोधण्यापेक्षा शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत इलेक्ट्रिक पॅनल बनवणाऱ्याकडे जा. 50 आणि 70 चे डाय त्याच्या रोजच्या वापरात असतात आणि चार थिंबल दाबायला दहा मिनिटं लागतात. तारांची लांबी मात्र आधी दोरीने मार्ग आखून, वळणांसकट मोजून न्या. क्रिंप झाल्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा, म्हणजे सांध्यात पाणी जाणार नाही.

आता ज्या मुद्द्यासाठी हे सगळं लिहितो आहे तो. "अर्थिंग काय, चासीला जोडलं की झालं" असं सर्रास म्हटलं जातं. चासीचं लोखंड खरंच उत्तम वाहक ठरतं, कारण ते जाड असतं. 150 बाय 60 चा, 4 मिलिमीटर जाडीचा एक चॅनल धरला तर त्याचा छेद 1080 चौरस मिलिमीटर होतो. लोखंडाचा रोध तांब्याच्या आठ-नऊ पट असूनही हा एक पाटा सव्वाशे चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेइतका पडतो, आणि असे पाटे दोन असतात. चासी कमी पडत नाही. कमी पडतात ते दोन सांधे: एक बॅटरीचा काळा बोल्ट चासीला लागतो तिथे, आणि दुसरा चासीवरून इंजिनकडे जाणारी वेणीची पट्टी. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते चासीपासून सुटं आहे. कंपनीची पट्टी पुष्कळदा फक्त लहानसहान करंटसाठी असते, कारण मूळ रचनेत जाड काळी तार बॅटरीवरून थेट इंजिनला जात होती. बॅटरी मागे नेताना ती जाड तार काढून टाकली जाते आणि सेल्फचे 300 अँपिअर त्या बारीक पट्टीवर येतात. पट्टी पुरली नाही की करंट दुसऱ्या वाटा शोधतो: क्लचची आणि ॲक्सिलरेटरची केबल, गिअर लिंकेज, कधी प्रॉपेलर शाफ्टमधून बेअरिंग. केबलचं आतलं प्लॅस्टिक वितळून क्लच जड होतो आणि दोष क्लचमध्ये शोधला जातो. हेडलाइट लावल्यावर तापमानाचा काटा वर सरकणं ही याचीच पहिली खूण.

तुमच्यासारख्या गाडीला, जी चिखल आणि कोकणची खारी हवा दोन्ही सोसते, मी चासीवर विसंबत नाही. बॅटरीच्या काळ्या टोकापासून 50 ची सलग तार थेट इंजिन ब्लॉकला किंवा सेल्फच्या माउंटिंग बोल्टला न्यावी. त्याशिवाय बॅटरीजवळ 25 ची आखूड तार चासीला, आणि पुढे इंजिन ते चासी अशी 25 ची नवी पट्टी. तीन मीटर जास्त केबल लागते, पण त्या सांध्यांवरची जबाबदारी संपते. गाडी फक्त शहरात आणि कोरड्यात फिरत असेल तर दोन्ही सांधे नीट करून चासीतून परत आणलं तरी चालतं, त्यात चूक नाही. सांधा करताना रुपयाच्या नाण्याएवढा भाग रंग काढून चकचकीत करा, 10 मिलिमीटरचा 8.8 ग्रेडचा बोल्ट, दातेरी वॉशर, घट्ट आवळणं, मग पेट्रोलियम जेली आणि वरून रंग. रंग आधी मारून मग बोल्ट आवळला तर सगळं वाया.

बीएस 6 गाडी असेल तर बॅटरीच्या काळ्या टोकावर बहुधा करंट मोजणारा एक लहान सेन्सर असतो. तो बॅटरीबरोबर मागे गेलाच पाहिजे आणि त्याच्या बारीक तारा लांब कराव्या लागतात. एकही अर्थिंग तार सेन्सर ओलांडून थेट बॅटरीच्या टोकाला जोडू नका. तसं केलं तर तेवढा करंट मोजलाच जात नाही आणि चार्जिंगचा हिशोब चुकतो.

लाल बाजूला बोनेटखाली एक गोष्ट करा, म्हणजे काम फार सुटसुटीत होतं. बॅटरीच्या लाल क्लॅम्पला सेल्फची तार, फ्यूज बॉक्सची, ग्लो प्लग रिलेची अशा बऱ्याच तारा असतात. त्या एकेक लांब करत बसू नका. जुन्या ट्रेच्या आसपास, पाइपच्या वाटेतून बाजूला, इन्सुलेटेड पायाचा 10 मिलिमीटरचा जंक्शन स्टड बसवा आणि मूळ सगळ्या तारा त्यावर घ्या. मागून येणारी 50 ची केबल तिथेच संपते. मूळ फ्यूज लिंक जशाच्या तशा राहतात, आणि बॅटरी उतरली तर जंपर लावायलाही हाच स्टड उपयोगी पडतो. त्यावर रबरी टोपी हवीच.

फ्यूजचं उत्तर 'हो', पण विचार करून. कंपनी सेल्फच्या तारेला बहुधा फ्यूज देत नाही, कारण ती आखूड आणि सुरक्षित जागेत असते. आता ती तीन मीटर चासीलगत धावणार आहे. आवरण घासून तांबं लोखंडाला टेकलं तर चांगली बॅटरी हजार-दोन हजार अँपिअर देऊ शकते, आणि शेजारी डिझेलची नळी असते. बॅटरीच्या लाल टोकापासून फूटभराच्या आत मेगा प्रकारचा, बोल्टने बसणारा फ्यूज लावा. क्लॅम्प मीटरने सेल्फचा करंट मोजा. तो 300 च्या घरात असेल तर 400 अँपिअरचा फ्यूज ठीक. पहिल्या क्षणी सेल्फ दुपटीहून जास्त ओढतो, पण तो सेकंदाचा अंश असतो आणि मेगा फ्यूज संथ असल्याने तेवढं सोसतो. लहान फ्यूज 'जास्त सुरक्षित' म्हणून घालू नका. इंजिन चालू असताना तो उडाला तर अल्टरनेटरचा बॅटरीशी संबंध तुटून व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीयू जळू शकतो.

केबलचा मार्ग चासीच्या आतल्या बाजूने, सायलेन्सरच्या विरुद्ध अंगाने काढा. नालीदार नळीत घालून दर फुटाला रबर असलेला क्लॅम्प द्या. ब्रेकच्या आणि डिझेलच्या नळीला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधू नका. पत्र्यातून जाईल तिथे ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं रबरी कडं). इंजिनपाशी शेवटचा अर्धा फूट सैल ठेवा, कारण सेल्फ मारताना इंजिन आपल्या माउंटिंगवर चांगलंच हेलकावतं.

जागा आणि पेटी. पेटी हौद्याला लावू नका, चासीच्या पाट्याला लावा. हौदा आणि केबिन चासीवर वेगवेगळे हलतात, आणि हौद्याला लटकवलेली पेटी प्रत्येक खड्ड्यात केबल ओढते. चासीला नवीन भोकं शक्यतो पाडू नका. वरच्या-खालच्या पट्टीला तर अजिबात नाही, ताण तिथेच सगळ्यात जास्त असतो. पाट्याच्या उभ्या भागात कंपनीची भोकं असतात, त्यांत 12 मिलिमीटरचे 8.8 बोल्ट आणि नायलॉक नट. वेल्डिंगने ब्रॅकेट चिकटवणं टाळा. ब्रॅकेट बाहेर बनवून आणा, शिवाजी उद्यमनगरात 3 मिलिमीटर पत्र्याची बेंडिंग केलेली पेटी आणि 6 मिलिमीटर प्लेटचे ब्रॅकेट मापाप्रमाणे एका दिवसात होतात. 80 अँपिअर-तासाची बॅटरी वीसएक किलोची असते. खराब रस्त्यावर पाच पट धक्का धरला तर शंभर किलो ओढ ब्रॅकेटवर येते, त्या हिशोबाने बांधा.

पेटीच्या तळाला रबराची मॅट, त्यावर ॲसिड न लागणारा प्लॅस्टिक ट्रे. वरून रबर लावलेला अँगल आणि दोन जे-बोल्ट. नुसता पट्टा पुरत नाही. झाकण आणि टर्मिनल यांत किमान 40 मिलिमीटर अंतर हवं, कारण झाकण दबून टर्मिनलला टेकलं तर फ्यूजही वाचवणार नाही, तो त्याच्या पुढे असतो. तळाच्या कोपऱ्यांत 10 मिलिमीटरची निचऱ्याची भोकं आणि झाकणाखाली वर दोन झरोके. साध्या पाणी घालायच्या बॅटरीतून चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि हवेत 4 टक्के झाला की ठिणगीने पेटतो. त्याच कारणाने ही बॅटरी केबिनमध्ये सीटमागे ठेवू नका. ज्यांना केबिनशिवाय जागाच नाही त्यांनी सीलबंद एजीएम बॅटरी (जिच्यात ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं असतं) घ्यावी आणि तिची वायूनळी बाहेर काढावी.

पावसाबद्दल. वरून पडणाऱ्या पाण्याने फारसं बिघडत नाही, चाकाने उडणाऱ्या चिखलाने बिघडतं. गगनबावड्याकडचा तांबडा चिखल पेटीत भरून सुकला की ओल धरून ठेवतो, आणि दोन टोकांमध्ये मळाची पट्टी तयार होऊन बॅटरी उभ्या गाडीत उतरते. पेटी मागच्या चाकाच्या सरळ रेषेत नको, असेल तर पुढे रबरी फडकं लावा. उंची ॲक्सलच्या मध्यरेषेच्या वर ठेवा. 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर आलं तसल्या पाण्यात मात्र उंची कामाची नाही, तिथे गाडी घालायचीच नाही. एक फायदाही सांगतो: इंजिनच्या उष्णतेपासून दूर गेल्याने बॅटरीचं आयुष्य वाढतं.

काम सुरू करण्याआधी चावी काढून काही मिनिटं थांबा. युरियाची (धूर स्वच्छ करणाऱ्या द्रावणाची) टाकी असलेल्या गाडीत चावी बंद झाल्यावरही पंप नळी रिकामी करत असतो. मग आधी काळी तार सोडा, नंतर लाल. जोडताना आधी लाल, शेवटी काळी.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरसीतल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत. बॅटरीची जागा आरसीवर लिहिलेली नसते, पण इंजिनची ताकद आणि धूर यांत बदल करणारं काम वेगळं ठरतं. एमएच 09 च्या पासिंगला जाणारी गाडी असेल तर आरटीओत आधी विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. वॉरंटीतल्या गाडीला हे करू नका.

आता तपासणी, आणि ती दोनदा करायची: जुनी बॅटरी जागेवर असतानाच एकदा, आणि काम झाल्यावर पुन्हा. मूळ आकडा नसेल तर नंतरचा आकडा कशाशी ताडणार? इंजिन सुरू होणार नाही असं इंधन बंद करून पाच सेकंद सेल्फ मारा. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या लाल पोस्टला, क्लॅम्पला नव्हे, आणि दुसरं सेल्फच्या स्टडला. अर्धा व्होल्टच्या आत हवा. मग काळी पोस्ट ते इंजिन ब्लॉकचं उघडं धातू: 0.3 च्या खाली चांगलं. 50 च्या सलग तारेने नेमका 0.35 आला तर तो तारेचाच हिशोब आहे, त्यात सांध्याचा दोष नाही. 0.5 च्या वर गेला तर मीटरचं एक टोक तिथेच ठेवून दुसरं एकेक सांधा मागे आणत जा. ज्या सांध्यापाशी आकडा एकदम पडतो तो उघडा. सेल्फ मारताना बॅटरीच्या टोकांवर 9.6 च्या खाली येत असेल तर बॅटरीच थकलेली किंवा उतरलेली आहे, तारा बदलून उपयोग नाही. शेवटी इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून अल्टरनेटरच्या स्टडवर आणि बॅटरीवर व्होल्टेज बघा. बॅटरीवर 13.8 ते 14.4 यावं आणि दोन्हींत 0.3 पेक्षा जास्त फरक नसावा.

घाटाची पहिली भरलेली खेप झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा आवळा, नवी थिंबल आणि नवी रबरं पहिल्या पाचशे किलोमीटरमध्ये बसतात. त्यानंतर दरवर्षी पाऊस संपला की, दसरा-दिवाळीच्या आसपास, चासीचे आणि इंजिनचे काळे सांधे उघडून घासा आणि काळ्या बाजूचं मोजमाप पुन्हा घ्या. पहिल्या दिवशीचा आकडा पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने लिहून ठेवा, म्हणजे पुढे गाडी कोणीही उघडली तरी कशाशी ताडायचं हे त्याला कळेल.